भिंगाचं पाणी

शहराच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह सोडणाऱ्या बाईला सगळे नळवाली म्हणतात. बागेतलं कारंजं आणि टोकाच्या वस्तीतला नळ यांतलं एकच चालणार असेल, तर ती आधी कारंजं बंद करते आणि मग वरिष्ठांना कळवते. या क्रमापायी तिला दोनदा लेखी ताकीद मिळाली आहे. पण ताकीद त्यांच्या घराण्यातच आहे. पहिली तिच्या वडिलांना मिळाली, ती नऊ वर्षांची असताना.

वडील दीपगृहाचे रखवालदार. बेट एवढंसं, की धाकटी बहीण रुसून घर सोडून निघाली तरी दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूने घरीच पोचायची. पंधरवड्याने बोट यायची. तिच्यातून पीठ, कांदे, रॉकेल यायचं, आणि दिव्याचं भिंग पुसायला गोड्या पाण्याचे दोन सीलबंद कॅन. खाऱ्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात, उजेड मंदावतो, म्हणून काचेला गोडं पाणी. माणसांना पावसाचं टाकं, आणि ते आटलं की खडकातली मचूळ विहीर. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, बटाटे धड शिजत नसत. आई म्हणायची, काचेचे लाड आणि पोटच्या पोरींचे हाल. वडील म्हणायचे, नियम आहे.

त्या वर्षी टाकं लवकर आटलं. धाकटीला जुलाब लागले, विहिरीचं पाणी पोटात ठरेना. वाऱ्यामुळे बोट अडकलेली. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले, तेव्हा आईने भाजीच्या सुरीने कॅनचं सील तोडलं. मोठीने रात्रंदिवस वाटीवाटीने पाणी पाजलं. धाकटी सावरली.

वारा पडल्यावर बोट आली ती तपासणीच्या साहेबाला घेऊन. त्याला तुटलेलं सील आधी दिसलं. समोरच अंथरुणावर पडलेली पोर दिसली नाही. सरकारी सामानाचा अपहार आहे, नोकरी जाऊ शकते, असं तो खुर्चीत बसून सांगत राहिला. वडील मान खाली घालून, चूक झाली साहेब, चूक झाली, एवढंच म्हणत होते. मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक? कुणाची?

आईने तिला खुणेने चहा टाकायला सांगितलं. साहेबाच्या चहासाठी बोटीवरून पाण्याची बाटली वेगळी यायची. तिने बाटलीला हात लावला नाही. विहिरीच्या बादलीतलं पाणी आधणाला ठेवलं. दूध घालताच चहा फाटला. तसाच गाळून नेऊन ठेवला.

साहेबाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दूध नासलंय."

"दूध तुमच्याच बोटीतलं आहे, आजचंच," ती म्हणाली. "पाणी आमचं आहे."

"हे पाणी पिता तुम्ही?"

आई साहेबासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "काचेला जे चालत नाही ना साहेब, तेच."

साहेबाने कप खाली ठेवला. नोकरी राहिली, ताकीद मिळाली. पुढच्या बोटीने दोनाऐवजी चार कॅन आले. टाकं आटल्यापासून आईने पहिल्यांदा पोरींचे केस गोड्या पाण्याने धुतले. पण सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'भिंग पुसण्यासाठी वाढीव.' मोठीने तो तीनदा वाचला. यात आपण कुठे आहोत, असं तिने वडिलांना विचारलं. पाणी आलं ना, मग झालं तर, असं म्हणून ते जिना चढून गेले. ते 'झालं तर' तिला आजही गिळवत नाही.

परवा वरिष्ठांचा फोन आला. पाहुणे येणार आहेत, कारंजं तासभर तरी सोडा. वस्तीच्या नळाला अजून धार आली नव्हती. तिने कारंज्याचा व्हॉल्व्ह हाताने आणखी आवळून पाहिला, नोंदवही उघडली आणि कारणाच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'माणसांना प्यायला.' तिसरी ताकीद येईल, तर येऊ दे. निदान तिच्यात माणसांचा उल्लेख तरी करावा लागेल.