तुकडा तिकडे, देश इकडे: मुसंदमची सहल

मुसंदमला जायचं ठरलं ते सायलीच्या वादविवादापायी. माझी ही नात मस्कतला आठवीत. तिथल्या मराठी मंडळाच्या स्पर्धेत विषय होता, ‘राज्याला देशातून वेगळं होण्याचा हक्क असावा का?’ हिची बाजू ‘असावा’. टीव्हीवर तेव्हा वेगळं होऊ पाहणाऱ्या कॅटलोनियाचं चाललंच होतं. माझ्या लेकाने, अरुणने, असं भाषण लिहून दिलं की वाचताना पोरीला धाप लागायची. मागच्या वर्षी ती स्टेजवरून रडत उतरली होती. यंदाही अडकले तर मराठी बंद, असं तिने जाहीर केलेलं.

अरुण म्हणाला, “चल, मुसंदम दाखवतो. ओमानचाच तुकडा, पण मधे दुसरा देश.” रस्त्याने अमिराती ओलांडाव्या लागतात आणि माझा ओमानचा व्हिसा एकदाच आत येण्याचा, बाहेर पडले की संपला. तुम्हीही आईवडिलांना नेणार असाल तर शिनास बंदरातून बोटच धरा. तिकीट आधी काढा, पासपोर्ट जवळ ठेवा.

सकाळी मस्कतमधल्या आमच्या अल मवालेहहून गाडीने निघालो. वाटेत सहमला पराठा आणि शंभर बैसाचा करक चहा. एका पेल्यात आमच्याकडच्या चार कपांची साखर. पुढे बोटीत तीन तास. हे सगळं सूनच फोनवर ऐकून लिहून घेते आहे, म्हणून तिच्या उलट्या दोनच झाल्या असं सांगते. मुसंदमच्या खसब बंदरात उतरून डोंगर पाहिले तर जणू घर बांधून गिलावा करायचा राहिलेला.

दुसऱ्या दिवशी लाकडी होडीतून खाडी फिरलो. नावाडी कुमझार गावचा, जिथे रस्ताच जात नाही. हिंदी झकास. सायलीने त्याला सरळ विचारलं, “चाचा, मस्कत इतना दूर है. आपको अलग होने का राइट है क्या?”

अरुणचा चेहरा पडला. परक्या देशात नोकरी करणाऱ्याच्या लेकीने विचारायचा प्रश्न नव्हे हा. त्याने घाईघाईने चिवड्याचा डबा पुढे केला.

नावाडी म्हणाला, “बेटी, ये मेरे अर्बाब से पूछो.” अर्बाब म्हणजे तिकडे मालक.

“अर्बाब कौन?”

“मेरी बीवी, घर में है. उसने हां बोला तो यल्ला!”

सगळे हसले. चिवडाही संपला.

शिनासहून परतताना गाडीत मी म्हटलं, “खरा घोळ तोच. विचारायचं कोणाला? आमची वाडी गावातून फुटून वेगळी ग्रामपंचायत मागत होती, तेव्हा गाव म्हणालं सगळ्यांना विचारा. आम्ही म्हटलं फक्त आम्हाला विचारा. अर्जावर पहिला अंगठा माझा.”

“मग मिळाली?”

“मिळाली. पण वहाळापलीकडची सात घरं म्हणाली, आम्हाला जुन्या गावातच राहू दे.”

“राहू दिलं?”

मी खिडकीबाहेर खजुरीची झाडं बघितली. “नाही.”

“आजी! चीटिंग!”

स्पर्धेत समोरच्या मुलाने नेमकं तेच विचारलं, “राज्य फुटलं आणि त्यातला एक जिल्हा म्हणाला आम्हाला नाही यायचं, तर?” अरुणने डोळे मिटले. सायली म्हणाली, “त्यांना पण हक्क. माझ्या आजीने नाही दिला. तिचं चुकलं. ती तिकडे बसलीय.” सगळा हॉल माझ्याकडे वळला. नंबर आला नाही, पण पोरगी हसत खाली उतरली.

गावी आले तर ग्रामसभेत त्या सात घरांचा अर्ज पुन्हा आलेला. यंदा मी त्यांच्या बाजूने हात वर केला. वाडीतल्या बायका दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. अर्ज पडला तो पडलाच.

सायलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आजी, तुझा पण नंबर नाही आला?”