ब्रदर बाहेर थांबायचे

"माज्यापुरतं बोलतोय, ताई," असं म्हणत ते छातीवर हात ठेवायचे आणि मगच काय ते सांगायचे. चहात साखर नको असली तरी हेच.

सोलापुरातल्या आमच्या रुग्णालयात ते ऑपरेशन थिएटरमध्ये होते. मेंढपाळाच्या घरातून नर्सिंग शिकून आलेले. नाव कुणी घेत नसे, नुसतं 'ब्रदर'. आली की खोलीतली घाई कमी होते अशी काही माणसं असतात, तुम्हीही पाहिली असतील. ते तसे होते.

माझं काम समुपदेशकाचं. मेंदू मृत झालेल्या रुग्णाच्या घरच्यांशी मी अवयवदानाबद्दल बोलते. ते हो म्हणाले की पुढची शस्त्रक्रिया ब्रदरांच्या थिएटरमध्ये. आणि नेमके त्याच शस्त्रक्रियेला ब्रदर आत उभे राहत नसत.

"यंत्रावर का असंना, छाती हालतीया," ते म्हणायचे. "आमच्या मेंढरात कोकरू निपचित पडलं तरी छाती हालत असली की आय म्हणायची, हाय अजून. मी शिकलोय, ताई. डोक्याला पटतंय. हाताला पटत न्हाय."

आमचे सर्जन चिडले. "ड्युटी निवडून करायची नसते. जमत नसेल तर बदली घ्या."

"करा की बदली, सर. आत मात्र मी येणार न्हाय."

बदलीचं बोलणं बरेच दिवस चाललं. शेवटी मेट्रनबाई मध्ये पडल्या. "तुम्ही आत जाऊ नका. पण तुमच्यामुळे पेशंटचं काही अडलं, तर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही."

"व्हय बाई. अडणार न्हाय."

मग एका दुपारी ती वेळ आली. अपघातातल्या एका तरुणाच्या वडिलांनी संमती दिली होती, अवयव न्यायला पुण्याहून डॉक्टर निघाले होते. ब्रदरांच्या जागी उभ्या राहणाऱ्या सिस्टरची सुट्टी होती आणि त्या फोन उचलत नव्हत्या. सर्जननी ब्रदरांकडे बघितलं. ब्रदरांनी गाडीची किल्ली घेतली. भर उन्हात चिंचोळी एमआयडीसीपलीकडे सिस्टरच्या घरी गेले आणि स्वयंपाक अर्धा टाकायला लावून त्यांना मागे बसवून घेऊन आले.

सिस्टर कपडे बदलायला गेल्या. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी ब्रदरांना गाठलं. "तुम्ही आत जात नाही म्हणे. माझं पोरगं खरंच गेलंय ना हो?"

ब्रदर नुसते अडखळले असते, तरी त्या वडिलांनी संमती मागे घेतली असती.

ब्रदर त्यांच्या शेजारी बाकावर बसले. "गेलंय, काका. डॉक्टरांनी दोनदा तपासलंय. परत येणार न्हाय ते. मला आत जायाला होत न्हाय, ती माजी अडचण हाय. तुमी करताय ते चांगलंच हाय."

वडील रडले. पण सही मागे घेतली नाही.

यंत्र थांबलं आणि शस्त्रक्रिया संपली, तेव्हा ब्रदर आत गेले. मुलाचं अंग पुसलं, टाके झाकले, घरून आणलेला शर्ट घातला. मग दारातून हळूच विचारलं, "काका, भांग कुटल्या बाजूला पाडायचा?"

वडील आत आले आणि कंगवा त्यांनीच घेतला. ब्रदर मुलाचं डोकं हातावर धरून उभे राहिले.

ब्रदर आता निवृत्त होऊन गावी असतात. मेंढरं भावाकडे आहेत, यांनी चार शेळ्या पाळल्यात. फोन केला की मागे शेळ्यांचा आवाज येतो आणि बोलणं लवकर संपत नाही.

मध्यंतरी थिएटरमध्ये एक नवी सिस्टर आली. अशाच एका शस्त्रक्रियेआधी ती घाबरत सर्जनना म्हणाली, "सर, मला या केसला उभं राहायला नको वाटतं."

सर्जन तेच, तेव्हा ब्रदरांवर चिडलेले.

"बरं," ते म्हणाले. "तुमच्या जागी कोण थांबतंय, तेवढं आत्ता सांगा." आणि ते हात धुवायला गेले.