टीव्हीकडे पाठ

भालेराव काका टीव्हीवरच्या कार्यक्रमांवर समीक्षा लिहीत आणि कार्यक्रम चालू असताना टीव्हीकडे पाठ करून बसत. आमच्या हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी स्वतःच खुर्ची उचलली, टीव्हीच्या बाजूला आमच्याकडे तोंड करून मांडली आणि निवांत टेकले. आईला वाटलं, म्हातारा कशावरून तरी रुसला. "काय हो, दिसतं का तिथून?" तिने विचारलं.

"चांगलं दिसू लालंय," काका म्हणाले. "टीव्ही तर सगळेच बघू लालेत. बघणाऱ्याकडं कोण बघावं?"

काका मूळचे नांदेडकडचे. टेलिफोन खात्यात हैदराबादला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर एका हिंदी दैनिकात ते दर रविवारी लिहू लागले. त्यासाठी दर शुक्रवारी संध्याकाळी ओळखीच्या कुठल्यातरी घरी जाऊन बसायचं, कधी नारायणगुड्याला एखाद्या दुकानदाराकडे, कधी आमच्याकडे. लेखात कुणाचं नाव नसे. 'एका घरातल्या आजीबाई' किंवा 'एक कारकून' एवढंच. आजीबाईंना पुढाऱ्याची नक्कल बघून ठसका लागला, असं त्यांनी लिहिलं की मी आईला वाचून दाखवायची आणि आई म्हणायची, "मला कुठे ठसका लागला? मेला खोटारडा!" "हसू नुसतं ऐकून भागत नाही, बघावं लागतंय," हे काकांचं पालुपद होतं.

राज्याचे दोन तुकडे व्हायचे ते दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा, परवा आणखी काहीतरी. त्या धामधुमीत इथल्या एका लहानशा वाहिनीने दर शुक्रवारी 'हौ या नक्को', म्हणजे हो की नको, नावाचा कार्यक्रम थेट दाखवायला सुरुवात केली. त्याचा निवेदक म्हणजे सगळ्या शहराचा उस्ताद. तो आठवड्याच्या बातम्या दखनीत, म्हणजे इथल्या बोलीतल्या उर्दूत सांगे, मंत्र्यांच्या नकला करी आणि शेवटी समोरच्या लोकांना विचारी, "हौ या नक्को?" लोक ओरडत, घरून फोन करणारेही ओरडत. इंग्रजी पेपरांनी त्याला तारे दिले, एका तेलुगू साप्ताहिकाने शहराचा आरसा म्हटलं. काकांनीही मनापासून कौतुक केलं. वेगळं राज्य व्हावं असं त्यांचं स्वतःचंच मत होतं. शिवाय उस्ताद त्यांचा जुना दोस्त. "पोट्टा कुणाच्या बापाला भीत नाही," असं अभिमानाने सांगत. सोमवारी अफझलगंजच्या वाचनालयात जाऊन इतरांनी काय लिहिलं तेही वाचून येत.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र शुक्रवारी ते कधीच नसत. घरी मुलगा मिलिंद आणि सून पद्मजा. पद्मजा किनारपट्टीवरच्या गुंटूरकडची, सचिवालयात नोकरीला. लग्नानंतर वर्षभरात ती इतकं मराठी शिकली की आमची आई तिच्याशी बोलताना तेलुगू विसरली. काकांचा तिच्यावर फार जीव. भाकरी थापायला त्यांनीच तिला शिकवलं, आणि ती बिघडली तरी "गोल असून काय करायचंय, पोटात जाऊन कुठं गोल राहतीय?" म्हणत खाल्ली.

एका शुक्रवारी बंद कडक होता, काकांना गल्लीबाहेर पडता येईना. मग त्यांनी आम्हालाच त्यांच्या घरी बोलावलं. खोली भरली. काका नेहमीप्रमाणे पाठ करून बसले. पुढाऱ्यांच्या नकला लोकांना शिळ्या झाल्या होत्या, म्हणून उस्तादने अलीकडे नवं सोंग काढलं होतं. हातात सुटकेस घेतलेला किनारपट्टीकडचा नोकरदार, मोर्च्यांत 'परत जा' म्हणत त्यांच्यापैकी. तो दारोदार पत्ता विचारी आणि उस्ताद लोकांना विचारी, "इनका सामान बांधनेका, हौ या नक्को?"

"हौ!" सगळा स्टुडिओ ओरडला. खोलीत आम्ही सगळे हसलो. पद्मजाही हसली.

काका तिच्याकडे बघत होते. कार्यक्रम संपला, लोक गेले, तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. मी कप गोळा करत होते. काका हळू आवाजात मला म्हणाले, "सुनंदा, ती आधी सगळ्यांच्या तोंडाकडं बघली. मग हसली."

मी कप खाली ठेवले.

"आमची माय अशीच हसायची. पाटलाच्या दारात. आमच्यावरच काहीतरी बोलून सगळे हसायचे. माय एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं बघायची आन् मग हसायची. मी तिच्या लुगड्याला धरून हुबा असायचो. ते हसू माझ्या घरात आलं गं."

रविवारी त्यांचा लेख आला. पुढाऱ्यांची टर उडवून झाली, आता कार्यक्रम शेजाऱ्यांवर उतरला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. फार सुंदर लिहिलं होतं. पण जन्मभर कुणाचा पत्ता लागू न देणाऱ्या ह्या माणसाने त्या एकाच लेखात, आधी सगळ्यांकडे बघून मग हसणारी ती 'एका घरातली सून' असं न लिहिता 'माझी सून' असं लिहिलं. माया अनावर झाली, दुसरं काय!

पुढच्या शुक्रवारी उस्तादने तो लेख कार्यक्रमात फडकवला. "हमारे भालेराव साब की बहू को हँसी नई आती कते. हँसाएंगे? हौ या नक्को?" लोक ओरडले. कार्यक्रमात फोन करून लोक पद्मजाला उद्देशून विनोद सांगू लागले. दुसऱ्या एका समीक्षकाने लिहिलं की विनोदाचं मोजमाप घरगुती हळवेपणाने करू नये. काकांचं सदर गुपचूप बंद झालं. दोस्ती तर त्या संध्याकाळीच संपली होती.

ते सगळं काकांनी सोसलं असतं. पण आठवडाभराने पद्मजा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिथेच होते.

"मामय्या, तुम्ही लिहिलं ते बरोबरच आहे," ती म्हणाली. "पण मी हसून भागवत होते. आता मी ऑफिसात शिरले की सगळे गप्प बसतात. इथं पण कुणी माझ्यासमोर हसत नाही. मला आता हसता पण येत नाही."

काकांनी हात जोडले. सुनेपुढे हात जोडणारा सासरा मी तेवढा एकच पाहिला.

राज्याचे दोन भाग झाले, तशी नोकरदारांचीही वाटणी झाली. नवरा इथला म्हणून पद्मजाला इथे राहायची मुभा मागता येत होती. काका रोज तिच्या तोंडाकडे बघत. विचारायचं धाडस होईना. तिने मुभा मागितली नाही. पुढे कचेऱ्या विजयवाड्याला हलल्या तेव्हा ती गेली, तिच्या मागोमाग मिलिंद गेला. जाताना ती काकांच्या पाया पडली आणि खूप रडली. काकांनी तिला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. "चला म्हटलं तर येणार नाही ना तुम्ही?" तिने विचारलं. "आता ह्या वयात कुठं गं," ते एवढंच म्हणाले.

'हौ या नक्को' वेगळं राज्य झाल्यावर लवकरच बंद पडला. काका मात्र शुक्रवारी आमच्याकडे येत राहिले. खुर्ची तशीच मांडत. थोड्या वेळाने आमच्याच घरून पद्मजाला फोन लावत आणि काहीतरी गंमत सांगत. भाकरी कशी करपली, दूधवाला काय म्हणाला. पलीकडून तिचं हसू आम्हालाही ऐकू येई. फोन ठेवला की काका दर वेळी तेच सांगत, "हसली. पण आधी थांबली." मग डोळे पुसत आणि आई गुपचूप चहा ठेवायला जाई.

परवाच्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. पद्मजा आली ती थेट आमच्या घरातल्या त्या खुर्चीपाशी जाऊन बसली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "सुनंदाताई, मी दर शुक्रवारी त्यांच्यासाठी हसायचे. एकदाही खरं नाही आलं. फोनवर बरं होतं, त्यांना दिसत नव्हतं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काकांना ते ऐकू यायचं, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.