काचेवरचं कुंकू

खंडेनवमीला ऑफिसात पूजा असली की मी आता लांब बसते. लोकांना वाटतं, हिचा विश्वास नाही. वाटू दे. समजावून सांगायचाही कंटाळा आलाय.

लातूरच्या एका लहानशा ऑफिसात मी प्रोग्राम लिहायचे. परीक्षा केंद्राच्या दारात उमेदवाराचा फोटो काढायचा, फोटो झाला तरच आत सोडायचं, एवढंच आमचं काम. त्या वर्षी दसरा झाल्यावर औशाच्या केंद्रावर मलाच पाठवलं. पहाटेची एसटी, पोटात नुसता चहा. रांग संपत आली, शेवटची एक बाई उरली आणि कुणाचा तरी पाय अडकून कॅमेऱ्याची वायर तुटली.

नऊला दार बंद होणार होतं. आठ मिनिटं होती. पिशवीतला जादा कॅमेरा काढून जोडला. माझा प्रोग्राम शून्यापासून एकेक नंबर घेऊन कॉम्प्युटरला विचारायचा, इथं कॅमेरा आहे का? पहिल्याच नंबराला उत्तर आलं, आहे. पडद्यावर मात्र नुसता तांबूस अंधार.

बाई निलंग्याकडच्या खेड्यातून आली होती. हळूच म्हणाली, "ताई, माझं हे शेवटचंच वर्ष हाय. पुढं वय बसत न्हाई."

"होतंय, होतंय," मी म्हणाले. काही होत नव्हतं. नंबर बदलून पाहिले, वायर दुसरीकडं खुपसली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग कोड उघडून एकेक ओळ वाचत बसले. माझ्या चुका तिथंच असतात असा माझा समज. कॅमेऱ्याकडं मी एकदाही पाहिलं नाही.

पाहिलं ते तिनं. "ताई, ह्याच्या काचंलाच कुंकू लावलंय की."

खंडेनवमीची पूजा मीच केली होती. मला घरी जायची घाई होती. बाकीच्या कॅमेऱ्यांना कडेला बोट टेकवलं, ह्याला मधोमध गोल काच दिसली, तिथंच. ओलं कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. बाईनं पदराचं टोक जिभेला लावलं आणि काच घासून काढली.

पडद्यावर तिचा चेहरा लख्ख आला. खालचं फोटोचं बटण मात्र करडं पडलं होतं, नऊ वाजून गेले होते. नऊनंतर एकही फोटो घ्यायचा नाही, ही ओळ मीच लिहिलेली. दारात उभ्या केंद्रप्रमुखांकडं पाहिलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी हात जोडले, तरी त्यांनी दार ओढून घेतलं.

आता माझ्या प्रोग्राममध्ये चित्र अंधारं आलं की 'काच पुसा' अशी सूचना येते. सगळे कौतुक करतात. मला लाज वाटते.

त्या दिवशी दार बंद झालं तेव्हा दाराकडं तिची पाठ होती. केस नीट करून, पदर सावरून, ती कॅमेऱ्याकडं बघत ताठ उभी राहिली.

"काढा ताई," म्हणाली.