थोरल्या जाऊबाईंचा उजवा हात

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, कुणाच्या हातून काही घेत नसत. चहाचा कप पुढे केला तरी म्हणत, "ठेव हितं." कप जमिनीवर टेकला की मग स्वतः उचलत. लग्न होऊन भाटघरला आले तेव्हा मला वाटलं, यांचा माझ्यावर राग आहे. पुढे कळलं, त्यांना कुणाकडून काही करून घ्यायची सवयच नव्हती.

मिसरीने त्यांचा गाल आतून चिघळला. पुण्याला ऑपरेशन झालं, गालाचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. घरी आल्या तेव्हा कानापासून गळ्यापर्यंत सगळं बधिर होतं. "कान दुसऱ्याचा लावल्यावानी वाटतोय," म्हणाल्या. उजवा खांदा खाली उतरला होता आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता. खांद्याकडे जाणारी नस दुखावली आहे, पण व्यायाम केला तर हात सुधारेल, असं दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं. तोवर पोलकं घालायला त्यांना मी लागे. मी बाही चढवत असताना आक्का डोळे मिटून घेत.

रोज सकाळी त्या माजघराच्या भिंतीसमोर उभ्या राहत आणि बोटं मुंगीसारखी वर वर चढवत. मागे उभी राहून मी खांदा नीट राहतोय ना ते बघे. एकदा मोठ्याने आकडे म्हणायला लागले, तर म्हणाल्या, "मोजू नको गं. पापड लाटतोय व्हय आपन?" दुखलं तरी तोंडातून आवाज येत नसे. बोटं तेवढी थांबत. मग पुन्हा निघत.

एक दिवस मी दळण घेऊन आले, तर फडताळाच्या वरच्या फळीवरचा साखरेचा डबा त्यांच्या हातात. मी दारातच थांबले.

"बघत काय उभी ऱ्हायलीस? चहा ठेव."

त्यानंतरच्या तपासणीत मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टरांनी थोरल्या दिरांना बाजूला घेतलं आणि आता करण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. आक्का बाकावर बसून ऐकत होत्या. एसटीने परत निघालो. भोरला उतरल्यावर दिरांनी केळी घेतली, ती तशीच पिशवीत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का भिंतीसमोर उभ्या.

"आक्का, आता कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हाताला काय ठावं?" त्या म्हणाल्या. "त्यो बरा व्हाया लागलाय. त्याला कशाला आडवू?"

उभं राहणं सुटलं तेव्हा पडल्या पडल्या दोन्ही हातांत काठी धरून त्या ती डोक्याकडे नेत. मी कोपराखाली हात ठेवी. तेव्हा माझ्या मनात काहीच येत नसे. हात वर, हात खाली, एवढंच.

अशाच एका सकाळी आक्का गेल्या. आंघोळ घातल्यावर नवं पोलकं चढवताना शेजारच्या बाईंनी त्यांचा उजवा हात उचलला. तो कुठेही न अडता सरळ डोक्यावर गेला.

"केवढा मोकळा झालाय गं हात," त्या म्हणाल्या.

मी "व्हय" म्हणाले आणि दुसरी बाही ओढून घेतली.