न उचलायची दोन बोटं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि दिगूजवळ तर नाहीच. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. चोरी नाही, मारामारी नाही. पण मी दमलोय आता. या वयात माणूस कशानं दमेल सांगता येत नाही, मी यानं दमलोय.

दिगू परब आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. घाटकोपर, पंतनगर. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. त्याच्या वडिलांची गिरणी सुटली होती, म्हणून दहावीनंतर तो विक्रोळीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. मी कॉलेजात. माझे वडील ऑफिसात, त्यामुळे मला छंद परवडायचे. दिगू जिना चढताना नुसता गुणगुणला तरी आमच्या शेजारच्या काकू दार उघडून उभ्या राहायच्या. असा आवाज. शिकवलेला नाही, घासलेला नाही — असाच आलेला.

आणि मी? मला गाता येत नाही. पण गिटार येत होती. म्हणजे येऊ लागली होती.

आम्ही दोघांनी बरोबरच सुरुवात केली खरं तर. गोव्याच्या मामानं त्याला एक जुनी गिटार दिली होती, पोटावर टवका उडालेली. माझी नवी होती, तरी तिला त्या जुनीचा आवाज कधी आला नाही. चेंबूरला फर्नांडिस सर म्हणून एक म्हातारे गृहस्थ शिकवायचे, रविवारी सकाळी. दिगूची सुट्टी गुरुवारी. तेव्हा ठरलं असं — मी क्लासला जायचं, आणि संध्याकाळी गच्चीवर येऊन तेच दिगूला शिकवायचं. त्यानंच सुचवलं. "तू शिकून ये, मला सांग. तुझ्यावर भरवसा आहे ना यार." असं अगदी सहज म्हणाला.

पहिले काही महिने मी सगळं नीट सांगितलं. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. उलट, त्यामुळेच त्याला पुढे माझा संशय आला नाही.

गिटारीत कॉर्ड धरणं अवघड नसतं. तीन-चार तारा दाबायच्या, झालं. बोटांना फोड येतात, मग घट्टे पडतात, मग दुखत नाही. खरी गोम एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना. तिथे नवशिक्याचा हात अडतो, आणि हात अडला की गाणं थांबतं. सी कॉर्डवरून ए मायनरवर जायला माझीही महिनाभर तीच गत होती. दर वेळी सगळी बोटं उचलायचो, हवेत चाचपडायचो, परत ठेवायचो. एका रविवारी सरांनी माझा हात धरला आणि वैतागून म्हणाले, "जो फिंगर उधरीच रहने का, उसको काय को उठाता है, मॅन?"

मी बघितलं. पहिली दोन बोटं दोन्ही कॉर्डना त्याच जागी लागतात. ती तशीच ठेवायची. हलतं ते फक्त तिसरं. बस. इतकं साधं! त्याच दुपारी माझा हात पाण्यासारखा वाहायला लागला. मग कळलं की इतरही कॉर्डना असंच काही ना काही असतं — एखादं बोट राहतं, एखादं सरकतं, आणि बाकीची त्याच्या आधारानं जातात.

संध्याकाळी दिगू गच्चीवर वाट बघत होता. टाकीच्या सावलीत बसून सी, ए मायनर, सी, ए मायनर घोकत होता. आणि तोंडानं गात होता. हात दर ओळीला ठेचकाळत होता आणि आवाज त्याच्यासाठी थांबत होता, अगदी शांतपणे. मी जिन्याच्या दारात उभा राहून ऐकत होतो. मला दिसलं — आज मी ती दोन बोटं सांगितली, की पुढच्या आठवड्यात हा वाजवेल आणि गाईल. मग माझ्याकडे काय उरणार?

"काय सांगितलं सरांनी?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "जोर कमी पडतो म्हणाले. दर वेळी सगळी बोटं पूर्ण उचलायची, आणि नव्यानं गच्च दाबायची. वेग आपोआप येतो."

एका श्वासात आलं ते. ठरवलं नव्हतं — पण न ठरवता इतकं नेमकं खोटं सुचतं का कुणाला?

त्यानं ते मनापासून केलं. लेथवर आठ तास उभं राहून यायचा आणि सगळी बोटं उचलायचा, गच्च दाबायचा. घट्टे फुटून तारांना रक्त लागायचं. त्याची आई पोराबद्दल मला म्हणायची, "झिलाचो आवाज गोड, पण बोटां मेली लोखंडाची." मी मान हलवायचो. एकदा माझ्या हाताकडे बघून तो म्हणाला, "तुझं इतकं पटकन होतं ना, दिसतच नाय कसं करतोस." त्यानंतर मी त्याच्यासमोर जरा तिरका बसून वाजवायला लागलो.

गणपतीत आमच्या चाळ-कमिटीचा कार्यक्रम असायचा. दिगूनं नाव दिलं — स्वतः वाजवून गाणार. मी अडवलं नाही. आवाज सुरू झाला तेव्हा मैदान गप्प झालं. मग कॉर्डचा पहिला बदल आला. हात अडला, गाणं थांबलं. परत सुरू झालं, परत अडलं. मागून कुणीतरी ओरडलं, "कॅसेट अडकली रे!" आणि सगळे हसले. दिगूही हसला. गिटार खांद्यावरून काढून त्यानं माझ्याकडे दिली आणि माइकमध्ये म्हणाला, "हा वाजवतो, मी गातो." मी वाजवलं. तो गायला. टाळ्या पडल्या. माझं वाजवणं छान झालं होतं — हेही सांगायलाच हवं, कारण मला त्या रात्री आनंद झाला होता.

घरी जाताना जिन्यात तो थांबला. "खरं सांग. माझ्या बोटांतच नाय ना ते?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्यात. तिथेच पायरीवर बसून दोन मिनिटांत दाखवता आलं असतं. मी म्हणालो, "सगळ्यांना नाही जमत रे."

दुसऱ्या दिवशी तो मामाची गिटार घेऊन वर आला. "माझ्याकडे नुसती पडून राहील. तू वाजव." मी नको म्हणालो नाही. दार लावलं आणि लगेच वाजवून बघितली.

इथेच संपलं असतं तर मी कदाचित जगाच्या हिशेबात पोरकट म्हणून सुटलो असतो. पण काही वर्षांनी त्याची धाकटी बहीण शुभा नववीत होती, तिला शिकायचं होतं. मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. दिगू तिला समजावत होता, रागावून नाही, प्रेमानंच. "आपल्या घरात ती बोटंच नायत गं. मी जीव काढला. विचार याला, यानंच शिकवलं मला." शुभा माझ्याकडे बघायला लागली. तिची बोटं लांब होती, बारीक. मी बशीत चहा ओतला आणि म्हणालो, "दहावीचं वर्ष येईल आता, अभ्यास बघ." ती आत गेली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

पहिल्या वेळी मी तरुण होतो, मत्सरी होतो. दुसऱ्या वेळी मला मत्सर कुणाचा होता? कुणाचाच नाही. नुसतं उघडं पडायचं नव्हतं.

दिगू आता बदलापूरला असतो. गात नाही. कधी सोडलं ते मी विचारलेलं नाही. गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला हाताला धरून जावयापुढे नेलं. "हा माझा गुरू. यानं शिकवायला कसर नाय ठेवली, शिष्यच ठोंब्या निघाला." आजूबाजूचे हसले. जावई माझ्या पाया पडायला वाकला.

मी त्याला आशीर्वाद दिला. दिगूला अजून काही सांगितलेलं नाही, आणि सांगेन असंही म्हणत नाही.