माझे पाय बघ गं

गोदामावर पत्रे टाकताना मी पडलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. भिवंडीभोवती शेतांच्या जागी गोदामं उभी राहत होती, आमच्या दिघाशी गावाहून मी रोज तिकडे कामाला जायचो. पाठीचा मणका मोडला. डॉक्टर पायाच्या अंगठ्यापासून टाचणी टोचत वर आले. ती छातीपर्यंत पोचली तेव्हा कुठे मी "हां" म्हणालो.

घरी आणल्यावर आई रोज दुपारी माझ्या पायांना तेल चोळायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "त्यापेक्षा खाटेच्या पायाला चोळ. मला दोन्ही सारखंच." ती तशीच चोळत राहिली.

आठवड्यातून एकदा भिवंडीतल्या कामतघरहून एक बाई व्यायाम करून घ्यायला यायच्या. एक दिवस त्यांनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल टाकला.

"आता कुठल्या पायाला हात लावलाय?"

"कळत नाही."

"माहीत आहे. तरी अंदाजाने सांगा."

मला ती थट्टाच वाटली. तोंडाला येईल ते सांगत गेलो. डावा, उजवा, परत उजवा. वीसेक वेळा झाल्यावर त्यांनी टॉवेल काढला. बहुतेक उत्तरं बरोबर होती. मला तर शपथेवर काहीही जाणवलं नव्हतं.

"आतली वाट पूर्ण तुटलेली नसावी," त्या म्हणाल्या. "थोडं काहीतरी मेंदूपर्यंत पोचतंय, पण तुम्हाला कळण्याइतकं नाही. यावरून चालण्याची आशा मात्र धरू नका."

आई दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "म्हंजे माझा हात त्याला पोचतो तर."

मी मान भिंतीकडे वळवली.

पुढे एका दुपारी मला उगाचच बेचैन व्हायला लागलं. कपाळावर घाम, मानेवर काटा. दुखत कुठेच नव्हतं. एरवी मी उकाड्याला शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी बाईंचं बोलणं आठवलं आणि आईला हाक मारली, "माझे पाय बघ गं."

तिने चादर उचलली. "अरं देवा, मुंग्या!"

पडून राहून टाचेला झालेल्या जखमेला लाल मुंग्या लागल्या होत्या. तिने त्या झटकल्या, जखम धुतली, फडकं बांधलं. थोड्या वेळाने माझा घाम ओसरला.

मी पुन्हा चाललो नाही. पण तसं बेचैन वाटलं की पाय तपासून घ्यायची सवय लागली. कधी पाऊल खाटेच्या पट्टीत अडकलेलं असायचं, कधी चादरीची घडी रुतलेली. कधी काहीच नसायचं. मी ओशाळायचो.

"नसू दे," आई म्हणायची. "बघितलं ना, झालं."